जग खोटं, तर तुरुंगही खोटा?

विज्ञानपटांबद्दल मराठीत बोलायला बसलं की पहिल्या दहा मिनिटांत माया येतेच. 1999 सालचा 'द मॅट्रिक्स' दाखवून झाला, दिवे लागले, की मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणतं, "सर, हे तर आपल्याकडं आधीच सांगून ठेवलंय." म्हणणाऱ्यानं ते कीर्तनात ऐकलेलं असतं, पारायणात ऐकलेलं असतं, आजीच्या तोंडून ऐकलेलं असतं. त्याचं म्हणणं वरवरचं नाही. पण या एका वाक्यावर सगळे माना डोलावतात आणि बोलणं तिथंच थांबतं. ते तिथं थांबू नये, यासाठी हे पुस्तक आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या महाविद्यालयांतल्या मुलामुलींबरोबर हे सिनेमे बघताना जी बोलणी झाली, त्यांतून यातले लेख तयार झाले. त्यामुळं लेखांत जागोजागी तेर, नळदुर्ग, हिप्परगा, सास्तूर अशी गावं येतात. ती शोभेसाठी आणलेली नाहीत. वास्तव म्हणजे काय आणि स्वातंत्र्य म्हणजे काय, हे दोन्ही प्रश्न या गावांनी पुस्तकाबाहेर, अंगावर घेतलेले आहेत.

आधी 'मॅट्रिक्स'चंच बघू. निओ नावाचा तरुण दिवसा कचेरीत आणि रात्री संगणकापुढं राबतो. त्याला कळतं, की आपण जगतो ते जग यंत्रांनी माणसांच्या मेंदूत चालवलेला खेळ आहे, खरी शरीरं कुठंतरी द्रवात बुडवून ठेवलेली आहेत. लाल गोळी घेतली तर जाग येईल, निळी घेतली तर झोप चालू राहील. देकार्तनं 1641 मध्ये अशीच शंका मांडली होती: एखादी दुष्ट आणि अफाट ताकदीची शक्ती मला सतत फसवत असेल, तर मी खात्रीनं काय म्हणू शकतो? विसाव्या शतकात हिलरी पटनमनं तीच शंका बरणीत ठेवलेल्या मेंदूच्या रूपात घेतली आणि 1981 मध्ये तिला फार बारीक उत्तर दिलं. जन्मापासून बरणीत असलेला मेंदू 'बाभळ' म्हणेल तेव्हा त्याचा संबंध काटा बोचलेल्या बाभळीशी नसेल, यंत्रानं दाखवलेल्या बाभळीशी असेल. 'बरणी'चंही तसंच. मग 'मी बरणीत आहे' हे वाक्य त्याच्या तोंडी खरं कसं ठरेल? या उत्तरानं सगळ्यांचं समाधान होत नाही. तरी ते पहिल्या लेखात सविस्तर दिलं आहे, कारण शंका घेणाऱ्याच्या शब्दांनाही पाय टेकायला जमीन लागते, हे त्यातून लक्षात येतं.

पण या सिनेमातला माझ्या दृष्टीनं सर्वांत महत्त्वाचा माणूस निओ नाही, सायफर आहे. सायफर जागा झालेला आहे. लाल गोळी त्यानं कधीच घेतलेली आहे. तरी तो एका झगमगीत हॉटेलात शत्रूसमोर बसतो, मांसाचा तुकडा काट्याला लावून डोळ्यांसमोर धरतो आणि सांगतो, की हा तुकडा नाहीच हे मला माहीत आहे. मग तो तोंडात घालतो. मला परत झोपवा, आणि मागचं काहीही आठवू देऊ नका, एवढीच त्याची मागणी आहे. हे दृश्य फार तर दोन मिनिटांचं असेल. पण सत्य कळलं की माणूस सुटतो, ही आपली जुनी समजूत तिथं मोडते. सायफरला सत्य कळलेलं आहे आणि तो सुटलेला नाही. रॉबर्ट नोझिकनं 1974 मध्ये विचारलं होतं: हवा तो अनुभव देणारं यंत्र मिळालं, तर जन्मभर त्याला जोडून घ्याल का? बहुतेक माणसं नाही म्हणतील, असं त्याला वाटत होतं, कारण आपल्याला नुसता अनुभव नको असतो, प्रत्यक्ष काहीतरी करायचं असतं, कुणीतरी व्हायचं असतं. हा प्रश्न मुलांना विचारला की ती लगेच नाही म्हणत नाहीत. जिथं चार वर्षांत दोनदा पाऊस दगा देतो तिथल्या घरातला मुलगा सायफरला हसत नाही, हे मी पाहिलं आहे. त्याचा नकार मिळवायचा असेल, तर 'खरं ते चांगलं' एवढं सांगून भागत नाही.

आता मायेकडं येऊ. जग खोटं आहे आणि शहाण्यानं त्यातून बाहेर पडावं, एवढंच जर आपल्या परंपरेचं सांगणं असतं, तर 'मॅट्रिक्स' तिचा चांगला अनुवाद ठरला असता. पण मराठीतला सर्वांत मोठा तत्त्वचिंतक असं म्हणत नाही. 'अमृतानुभवा'चं सातवं प्रकरण अज्ञानखंडनाचं आहे आणि ग्रंथातलं ते सर्वांत लांब प्रकरण आहे. सत्य झाकून ठेवणारी अज्ञान नावाची कुणी वेगळी वस्तू आहे, ही कल्पनाच ज्ञानेश्वर तिथं सोलून काढतात. त्यांच्या लेखी जग हा सत्यावर पडलेला पडदा नाही, ते चैतन्याचंच स्फुरण आहे. अभ्यासक याला चिद्विलास म्हणतात. पडदाच नसेल तर तो फाडून बाहेर जाण्याचा प्रश्न येत नाही. तेराव्या शतकाच्या अखेरीचा हा विचार. आपल्या काळात डेव्हिड चाल्मर्सनं 2022 च्या 'रिअ‍ॅलिटी प्लस' या पुस्तकात म्हटलं, की आपण संगणकातल्या जगात राहत असलो तरी तिथली झाडं, दगड, माणसं खोटी ठरत नाहीत. ती कशाची बनली आहेत एवढंच वेगळं निघेल. दोघांना एका माळेत ओवायची घाई करू नये. एक चैतन्याबद्दल बोलतो, दुसरा माहितीबद्दल. पण जगाला खोटं ठरवून मोकळं होण्याची सोय दोघंही ठेवत नाहीत.

ही सोय नसण्याला राजकीय बाजू आहे, आणि ती या जिल्ह्याइतकी स्पष्ट फार थोड्या ठिकाणी दिसते. लोहारा तालुक्यातल्या हिप्परग्याला 1921 मध्ये राष्ट्रीय शाळा सुरू झाली. निजामाच्या राज्यात अशी शाळा चालवणं हेच धाडस होतं. तिथं पुढं मुख्याध्यापक म्हणून व्यंकटेश खेडगीकर आले, आणि पुढं त्यांनी संन्यास घेतला. स्वामी रामानंद तीर्थ ते हेच. संन्यास घेतलेला माणूस जगाकडं पाठ फिरवतो, अशी आपली समजूत. या संन्याशानं हैदराबाद संस्थानात स्टेट काँग्रेसचं नेतृत्व केलं, 1938 च्या सत्याग्रहात तुरुंगवास भोगला, आणि देश स्वतंत्र होत होता तेव्हा पुन्हा निजामाच्या तुरुंगात गेला. अद्वैत मानणाऱ्याला तुरुंगाच्या भिंती खऱ्या वाटत होत्या का? वाटत नसत्या, तर लढा कशाला? आणि वाटत होत्या, तर भगवं कशाला? या पुस्तकातल्या प्रत्येक सिनेमाला मी हा प्रश्न लावून पाहिला आहे. माझं मत सुरुवातीलाच सांगतो: ज्या जगात दुसऱ्याचं दुःख आहे आणि त्यावर काही करणं आपल्या हाती आहे, ते जग कशाचंही बनलेलं असो, स्वातंत्र्यासाठी पुरेसं खरं आहे. चांगले विज्ञानपट फिरून फिरून इथंच येतात. सामान्य विज्ञानपट बाहेर जायच्या दारापाशी थांबतात.

दाराचा सिनेमा म्हणजे 1998 चा 'द ट्रुमन शो'. तो मला आवडतो, तरी त्याला मी थोडीच पानं दिली आहेत. ट्रुमनचं गाव म्हणजे टीव्हीचा सेट, शेजारी म्हणजे नट, आकाश म्हणजे रंगवलेली भिंत. शेवटी तो भिंतीतलं दार उघडून बाहेर जातो. पुढं काय, हे सिनेमा सांगत नाही. मराठवाड्याला मात्र ते 'पुढं काय' विचारावंच लागलं. 15 ऑगस्ट 1947 ला शेजारच्या बार्शीत, सोलापुरात तिरंगा फडकला. इथल्या गावांत नाणं हाली होतं, कारभार उर्दूत होता आणि रझाकारांची भीती होती. चालत जाता येईल एवढ्या अंतरावर दोन वास्तवं होती आणि मधे जकातीचं नाकं. 13 सप्टेंबर 1948 ला सोलापूरकडून आलेल्या भारतीय फौजेनं नळदुर्ग घेतला, बोरी नदीवरचा पूल सुरक्षित केला, आणि 17 सप्टेंबरला निजामानं शरणागती पत्करली. तेरा महिन्यांनी दार उघडलं. पण दारापलीकडं आयतं स्वातंत्र्य मांडून ठेवलेलं नव्हतं. जमीन, भाषा, शाळा, पाणी अशा एकेका गोष्टीत ते मिळवावं लागलं.

असं झालं नसतं तर? हा विज्ञानकथेचा आवडता प्रश्न, आणि मराठीत तो जयंत नारळीकरांनी 'गंगाधरपंतांचे पानिपत'मध्ये विचारला. पानिपतावर, 14 जानेवारी 1761 ला, विश्वासरावांना लागलेली गोळी एका वेगळ्या जगात तिळभर अंतरानं हुकते आणि हिंदुस्थानचा सगळा इतिहास दुसऱ्या वाटेनं जातो. इतिहासाचे प्राध्यापक असलेले गंगाधरपंत थोड्या काळासाठी त्या जगात जाऊन पोहोचतात. पुंजभौतिकीतल्या अनिश्चिततेचा आधार घेऊन नारळीकर सुचवतात, की न घडलेल्या शक्यताही कुठंतरी घडत असतील. माझ्या दृष्टीनं या कथेचं मोठेपण इथं आहे: जे घडलं ते घडणारच होतं, हा आपला आळस ती मोडते. नळदुर्गच्या किल्ल्यात उभं राहून मुलांना ही कथा वाचून दाखवावी. पाणीमहालाच्या भिंतीवर टेकून बसलेल्या मुलाला मग 13 सप्टेंबर ही परीक्षेतली तारीख वाटत नाही, ती हुकू शकली असती अशी गोष्ट वाटते. तेव्हाच्या उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, 2020 मध्ये 93 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, आणि त्यानंतरच्या, नाशिकच्या 94 व्या संमेलनाचं अध्यक्षपद नारळीकरांना मिळालं. विज्ञानकथेला मराठीनं इतक्या उशिरा मानाचं पान दिलं, याची मला खंत आहे.

आता ज्या लेखावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला, त्याबद्दल. 1982 चा रिडली स्कॉटचा 'ब्लेड रनर'. त्यात कारखान्यात बनवलेली माणसं आहेत, दिसायला-बोलायला हुबेहूब. त्यांना ओळखण्यासाठी एक परीक्षा घेतात: समोर बसवायचं, अस्वस्थ करणारे प्रश्न विचारायचे आणि डोळ्याच्या बाहुलीत काय हलतं ते यंत्रातून बघायचं. रेचल नावाच्या तरुणीला शंभराहून जास्त प्रश्न विचारल्यावर ती बनवलेली असल्याचं कळतं. तिला स्वतःला ते ठाऊक नसतं. नंतर ती परीक्षा घेणाऱ्या डेकार्डच्या घरी आईबरोबरचा लहानपणीचा फोटो घेऊन येते. तेव्हा तो तिला तिच्याच आठवणी सांगू लागतो, ज्या तिनं कधीच कुणाला सांगितलेल्या नाहीत. खिडकीबाहेरची कोळीण, तिचं अंडं, त्यातून निघालेली आणि आईलाच खाणारी पिल्लं. आठवण दुसऱ्या कुणाची तरी आहे, हिच्यात भरलेली आहे. रेचलचे डोळे भरून येतात. ते पाणी कुणाचं म्हणायचं?

हा प्रसंग बघताना इथल्या माणसाला तेरची गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही. कुंभारकाम करणाऱ्या संत गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईनं तिथलं एक अवजार दाखवून विचारलं, काका, हे काय? ते म्हणाले, थापटणं, याच्यानं मडकं पक्कं की कच्चं ते कळतं. मग तिच्या सांगण्यावरून त्यांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारून पाहिलं. बाकीचे शांत बसले. नामदेव चिडले, आणि त्यांचं मडकं कच्चं ठरलं. लहानपणापासून ही गोष्ट आपण नामदेवांचा अहंकार उघडा पडला म्हणून ऐकतो. 'ब्लेड रनर' पाहिल्यावर मला नामदेवांची बाजू दिसू लागली. भर सभेत माणूस दुसऱ्या माणसाला ठोकून त्याचा पक्केपणा ठरवतो, तेव्हा दुखावणं हा दोषच असतो का? रेचल दुखावली, म्हणून तर ती आपल्याला माणूस वाटते. आणि परंपरेनंही नामदेवांना कच्चे म्हणून टाकून दिलं नाही. ते औंढ्याला विसोबा खेचरांकडं गेले. विसोबा पिंडीवर पाय ठेवून झोपलेले. नामदेव रागावले तेव्हा ते म्हणाले, जिथं देव नाही तिथं माझे पाय उचलून ठेव. तशी जागा सापडेना. परीक्षेत नापास झालेल्या माणसाला सगळं जगच देवानं भरलेलं दिसलं. जगाबाहेर जायचा रस्ता कुणी दाखवला नाही. बनवलेला आणि जन्मलेला, कच्चा आणि पक्का, अशी रेघ ओढणाऱ्या हातात किती सत्ता येते, हे 'ब्लेड रनर' दाखवतो. रेघेच्या पलीकडं ढकललेल्याला ठार मारणं त्या जगात गुन्हा नसतो. आपल्या गावकुसांचा इतिहास ज्याला माहीत आहे, त्याला हे अमेरिकी कल्पनारंजन वाटणार नाही.

तारकोव्हस्कीच्या 'सोलारिस'बद्दल (1972) लिहिताना हात जड झाला. त्यात एका ग्रहावरचा समुद्र माणसाच्या आठवणीतून माणसं घडवतो. केल्विनची मेलेली बायको हारी परत येते. ती त्याच्या आठवणीची बनलेली आहे, हे तिला हळूहळू कळतं, आणि कळल्यावर ती स्वतःचे निर्णय घेऊ लागते. शेवटी केल्विन वडिलांच्या घरी पोहोचलेला दिसतो. पण पाऊस घराच्या आत पडतो आहे, वडिलांच्या खांद्यावर पाणी ओघळतं आहे आणि त्यांना त्याचं काहीच वाटत नाही. कॅमेरा वर जातो तेव्हा कळतं, की हे घर त्या समुद्रातलं एक बेट आहे.

हात जड होण्याचं कारण इथलं आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, चार वाजायच्या आधी, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून हजारो माणसं गेली. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचं जड माळवद, अशी घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. या जिल्ह्यात सास्तूर आणि भोवतालच्या गावांनी मोठा मार खाल्ला. दोन्ही जिल्ह्यांतली मिळून 52 गावं दुसऱ्या जागी वसवली गेली. नाव तेच, माणसं उरली तेवढी तीच, पण रस्ते सरळ आणि रुंद, घरं अंतरा-अंतरावर. लोक 'जुनं गाव' आणि 'नवं गाव' म्हणतात. गाव तेच का, हा प्रश्न तत्त्वज्ञानात थिसियसच्या जहाजापासून चालत आला आहे: एकेक फळी बदलत गेलेलं जहाज तेच राहतं का? पण नव्या गावात राहणाऱ्यांना तो जहाजावरून समजून घ्यावा लागत नाही. 'सोलारिस'मधल्या घरात पाऊस का पडतो, हे अशा घरातल्या एका विद्यार्थिनीनं जितक्या पटकन सांगितलं तितकं कुठल्या समीक्षकाकडून मी वाचलेलं नाही. ती म्हणाली, आठवणीतून घर बांधणाऱ्याला भिंती आठवतात, छत आठवत नाही.

स्वातंत्र्याचा सर्वांत अवघड धडा मला 'अरायव्हल'मध्ये (2016) सापडतो. टेड चियांगच्या 1998 च्या कथेवरचा हा सिनेमा. परग्रहवासींची भाषा शिकता शिकता भाषाशास्त्रज्ञ लुईसला पुढचं आयुष्य आठवणीसारखं दिसू लागतं. तिला मुलगी होणार आहे आणि ती आजारानं कोवळ्या वयात जाणार आहे. हे माहीत असताना ती ते आयुष्य स्वीकारते. मग ती स्वतंत्र आहे का? मुलांत यावर कडाक्याची भांडणं होतात आणि मला ती हवी असतात. ठरलेलं आहे म्हणून हातपाय गाळून बसणं आणि ठरलेलं आहे हे जाणून त्याला स्वतःहून हो म्हणणं, यांत फरक आहे असं मला वाटतं. 'कर्मात असेल ते होईल' हे वाक्य इथं रोज ऐकू येतं. ते या दोहोंपैकी कुठल्या अर्थानं म्हटलं गेलं, ते दर वेळी तपासायला हवं.

कर्माचा विषय आला की आरती कडव यांच्या 'कार्गो'कडं वळावं लागतं. नागपूरच्या या दिग्दर्शिकेचा हिंदी सिनेमा 2019 मध्ये मुंबईच्या मामि महोत्सवात आला. पुष्पक 634ए नावाच्या अंतराळयानावर राक्षस नोकरीला आहेत. मेलेली माणसं तिथं येतात. त्यांचं सामान काढून घेतात, जखमा बऱ्या करतात, खुर्चीत बसवून स्मृती पुसतात आणि पुनर्जन्माला पाठवून देतात. सगळं सरकारी कचेरीच्या शिस्तीत. सायफरनं जे मागितलं होतं ते इथं प्रत्येकाला न मागता मिळतं, आणि बघणाऱ्याच्या पोटात तुटतं. स्मृती पुसल्यावर जन्मणारा तो कोण? त्याच्या कर्माचा हिशोब त्यानं का फेडावा? पुनर्जन्म मानणाऱ्या समाजाला हा प्रश्न इतक्या मायेनं विचारणारा दुसरा सिनेमा मला माहीत नाही. म्हणून पुस्तकातला शेवटचा आणि सर्वांत मोठा लेख त्याच्यावर आहे.

मराठीत मात्र विज्ञानपट हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. सुजय डहाके यांचा 'फुंतरू' (2016) हा एक प्रयत्न, प्रेमात पडलेल्या मुलानं मुलीची त्रिमितीय प्रतिमा घडवण्याचा. त्याची कथा कुठं ढिली पडते ते लेखात लिहिलं आहे, पण तो करून पाहणाऱ्याबद्दल मला आदर आहे. पैसा नाही म्हणून आपण विज्ञानपट करत नाही, हे कारण मला पटत नाही. क्रिस मार्करचा 'ला जते' (1962) हा काळप्रवासाचा सिनेमा 28 मिनिटांचा आहे आणि एक क्षण सोडला तर सगळा स्थिर छायाचित्रांचा बनलेला आहे. आणि त्याच्याही आधी दादासाहेब फाळक्यांनी, 'राजा हरिश्चंद्र' (1913) करण्यापूर्वी, कुंडीत वाटाणा पेरून त्याची वाढ महिनाभराहून अधिक काळ थोडी थोडी टिपली आणि पडद्यावर झरझर उगवणारा वेल दाखवला. ती छोटी फीत पाहून त्यांना भांडवल देणारा माणूस मिळाला. भारतीय सिनेमाच्या मुळाशी काळाशी खेळणारा असा एक वैज्ञानिक प्रयोग आहे.

एक सूचना वाचकांना आणि विशेषतः शिक्षकांना. लेख आधी वाचू नका, सिनेमा आधी बघा. सुरुवात 'ला जते'पासून करा, तो एका तासिकेत बसतो आणि चर्चेला वेळ उरतो. 'सोलारिस' जवळजवळ पावणेतीन तासांचा आणि संथ आहे, तो दोन दिवसांत विभागून दाखवला तरी चालेल. 'ब्लेड रनर'च्या निरनिराळ्या आवृत्त्या आहेत. 2007 ची 'फायनल कट' घ्या, कारण या पुस्तकातली चर्चा तिच्यावर आधारलेली आहे. आणि 'मॅट्रिक्स' संपल्यावर मागच्या रांगेतून मायेचं वाक्य आलं, तर त्या मुलाला खाली बसवू नका. त्याला विचारा, की मग हिप्परग्याचा संन्यासी तुरुंगात का गेला.